दहावीनंतर एक वर्ष परदेशी शाळेत: सीमाभागातल्या मुलांनी अर्ज कसा करावा

बेळगावात कुणाचा मुलगा एक्स्चेंजवर चालला म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती लाख गेले?" दुसरा, "इंग्लिश मीडियमचा असेल, नाही?" दोन्ही प्रश्न अगदीच गैर नाहीत. पण मुलांचे अर्ज वाचून, दुरुस्त करून देताना मला दिसतं ते वेगळंच. अर्ज अडतो तो नावाच्या स्पेलिंगवर, दहावीच्या वेळापत्रकावर आणि मुलाने स्वतःबद्दल लिहिलेल्या बेचव पत्रावर. सीमाभागात राहण्याचा त्रास कागदपत्रांत होतो, हे खरं. त्याच सीमाभागाचा पत्रात आणि मुलाखतीत मोठा उपयोग होऊ शकतो, तो मात्र फारसं कुणी करून घेत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी, तसंच हल्याळ-कारवार आणि बिदर-भालकीकडच्या ज्या पालकांची मुलं सध्या आठवी-नववीत आहेत, त्यांना समोर ठेवून हे लिहितोय. मूल दहावीत असेल तरी जमेल, पण धावपळ होणार.

आधी ठरवा: कोणतं वर्ष जाऊ द्यायचं

एक्स्चेंज म्हणजे परदेशात एका कुटुंबात राहून तिथल्या शाळेत एक शैक्षणिक वर्ष काढणं. पदवी मिळत नाही, तिकडे स्थायिक व्हायची ही वाट नाही आणि त्या वर्षाचे गुण इकडे सहसा धरले जात नाहीत. म्हणजे मूल बरोबरीच्या मुलांपेक्षा एक वर्ष मागे राहतं. ज्या घराला हे पटत नाही त्यांनी इथेच थांबावं. मूल तिकडे असताना फोनवर "तुझे मित्र सेकंड पीयूसीला गेले बघ" (पीयूसी म्हणजे इथली अकरावी-बारावी) असं ऐकवत बसण्यापेक्षा ते बरं.

अमेरिकेच्या जे-१ या एक्स्चेंजसाठीच्या व्हिसावर शाळेत जायचं तर वय १५ ते साडेअठरा असावं लागतं आणि बालवाडी सोडून अकरा वर्षांपेक्षा जास्त शाळा झालेली नसावी. रोटरीच्या वर्षभराच्या एक्स्चेंजचा वयोगटही साधारण असाच आहे. म्हणून पीयूसीची दोन्ही वर्षं उरकून मग जाऊ, हा बेत धरू नका.

कर्नाटक बोर्डाच्या मुलांसाठी सगळ्यात सोयीची फट एकच: एसएसएलसी म्हणजे दहावी झाल्यावर, पीयूसीला बसण्याआधी. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा, ऑगस्टमध्ये प्रयाण, पुढच्या जूनमध्ये परत आणि थेट फर्स्ट पीयूसी. फर्स्ट पीयूसी करून मध्येच गेलात तर नीट आणि केसीईटी या कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीची साखळी तुटते. पीयूसीचं वर्ष चालू असताना काही महिने जाऊन येऊ म्हणाल, तर परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. सीबीएसईत नववी-दहावी आणि अकरावी-बारावी या जोड्या आहेत, त्यामुळे जोडीच्या मध्ये जाण्याच्या भानगडीत पडू नये.

केसीईटीची धास्ती घेतलेले पालक हमखास भेटतात. कर्नाटकातल्या सरकारी कोट्यातल्या जागेसाठी बहुतेक मुलं ज्या कलमाखाली अर्ज करतात, त्यात पहिली ते सेकंड पीयूसी या काळात किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेलं असावं लागतं आणि दहावी किंवा बारावी इथून पास व्हावं लागतं. इथेच दहावी झालेल्या मुलाचं एका वर्षाने काही बिघडत नाही. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी 'टाइप ई' हा वेगळा प्रकार आहे. तो वापरायचा विचार असेल तर दहावी-बारावी सीमाभागातल्याच संस्थेतून झाल्याचे कागद जपून ठेवा.

खरी गोम पुढे आहे. ऑगस्टमध्ये जायचं तर अर्ज आणि निवड आदल्या वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत होते. म्हणजे नेमकी दहावी, ट्यूशन, सराव परीक्षा. त्यामुळे पासपोर्ट, जन्मदाखला आणि पत्राचा पहिला खर्डा नववीच्या एप्रिल-मेच्या सुट्टीतच उरकायचा. दहावीच्या वर्षात फक्त फॉर्म आणि मुलाखत एवढंच उरलं पाहिजे.

कुठल्या दारातून जायचं

आपल्याकडे सगळ्यात जवळचं दार रोटरीचं. बेळगाव रोटरीच्या ३१७० या डिस्ट्रिक्टमध्ये येतं. त्यातच गोवा, कोल्हापूर, सांगली, हुबळीही आहे. वडील रोटेरियन असायला हवेत हा गैरसमज आहे. कोणत्याही घरचं मूल अर्ज करू शकतं, फक्त एखाद्या स्थानिक क्लबने त्याला पुरस्कृत करावं लागतं. नववीतच क्लबच्या यूथ एक्स्चेंज अधिकाऱ्याला भेटा आणि डिस्ट्रिक्ट यंदा कोणत्या देशांशी देवाणघेवाण करतंय ते विचारा. परदेशात राहणं, जेवण आणि शाळा यांचा भार यजमान क्लब आणि कुटुंबं उचलतात. विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा आणि किरकोळ खर्च आपला. आणि ही देवाणघेवाण असते. तुमचं मूल गेलं की तिकडचं मूल आपल्याकडे येतं आणि बहुधा तुमच्या घरीही काही महिने राहतं. वडगावातल्या किंवा येळ्ळूरच्या एकत्र कुटुंबात ब्राझीलचा मुलगा चार महिने राहायचा म्हणजे काय, हे आजी-आजोबांशी आधी बोलून घ्या. स्वतंत्र खोलीपेक्षा स्वतंत्र पलंग आणि मोकळं मन जास्त लागतं.

दुसरं दार एएफएसचं. पहिल्या महायुद्धात १९१५ साली अमेरिकन स्वयंसेवकांच्या रुग्णवाहिका सेवेतून ही संस्था उभी राहिली आणि १९४७ पासून शाळकरी मुलांची देवाणघेवाण करू लागली. भारतातलं कार्यालय दिल्लीत आहे. तिचे नेहमीचे कार्यक्रम पैसे भरून करायचे असतात आणि वर्षभराचा खर्च लाखांच्या घरात जातो. शिष्यवृत्त्या वेगळ्या. त्यातली मोठी म्हणजे अमेरिकन सरकारची केनेडी-लुगार येस. ही २००२ साली सुरू झाली. तिच्यात तिकीट, विमा, मासिक भत्ता, सगळं येतं. पण सरकारी पैशाचा भरवसा किती धरायचा? २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकन परराष्ट्र खात्याने अशा कार्यक्रमांचा निधी काही काळ रोखला होता. त्यामुळे येसचा अर्ज जरूर भरा, पण सगळी आशा तिच्यावर ठेवू नका.

तिसरं दार एजंटाचं. काही एजंट चांगले असतात, काही नुसते चकचकीत. पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: व्हिसा जे-१ आहे की एफ-१ हा साधा विद्यार्थी व्हिसा? जे-१ असेल तर अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत त्या अमेरिकन संस्थेचं नाव असलंच पाहिजे, आणि ती यादी तुम्ही स्वतः बघू शकता. एफ-१ वर तिकडच्या सरकारी हायस्कूलमध्ये जास्तीत जास्त बारा महिनेच शिकता येतं, तेही शाळेचा पूर्ण खर्च भरून. "शहर तुम्ही निवडा, घर तुम्ही निवडा" असं जो जे-१ बद्दल सांगेल, त्याच्या ऑफिसातून चहा पिऊन बाहेर पडा.

कागद: सीमाभागाची खरी परीक्षा

आपल्या मुलांचं नाव तीन लिप्यांतून फिरून आलेलं असतं. घरात मराठी, नगरपालिकेत कन्नड, मार्क्स कार्डावर इंग्रजी. ज्ञानेश्वरचं स्पेलिंग मराठी वळणाने डी-एन-वाय आणि कन्नड वळणाने जे-एन किंवा जी-एन. चव्हाण कुठे एच घालून, कुठे न घालता. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. गावात हे चालून जातं, व्हिसाच्या खिडकीवर चालत नाही.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला जन्मदाखला. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. आईचं माहेर गडहिंग्लज किंवा चंदगड असेल तर जन्माची नोंद महाराष्ट्रात झालेली असते आणि शाळेच्या रजिस्टरला मात्र जन्मगाव बेळगाव लागलेलं असतं. दाखला जिथे नोंद झाली तिथूनच काढावा लागतो, त्यामुळे आजोळची एक फेरी धरून ठेवा. दाखल्यात बाळाच्या नावाची जागा कोरी असेल तर लगेच हालचाल करा. नोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंतच तिथे नाव घालता येतं, आणि नववीतलं मूल त्या रेषेच्या अगदी काठावर उभं असतं.

मग शाळा. दहावीचं मार्क्स कार्ड छापून आल्यावर नाव बदलणं म्हणजे बोर्डाच्या खेपा. त्याआधी, नववीतच, हेडमास्तरांना भेटून शाळेच्या रजिस्टरमध्ये आणि एसएटीएस या सरकारी ऑनलाइन नोंदीत नाव जन्मदाखल्याप्रमाणे आहे का ते बघून घ्या. मग आधार. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने करावीच लागते. त्याच फेरीत स्पेलिंगही सरळ करून टाका.

पासपोर्ट सगळ्यात शेवटी, बाकीचे कागद एकमेकांशी जुळल्यावर. बेळगावच्या मुख्य टपाल कार्यालयात पासपोर्ट सेवा केंद्र आहे, अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यायची. अठराच्या आतल्या मुलांचा पासपोर्ट साधारणपणे पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल तोवर चालतो. पण पंधरा पूर्ण झालेल्यांना दहा वर्षांचा मागता येतो, आणि तोच मागा. सतराव्या वर्षी परदेशात असताना पासपोर्टची मुदत संपत आली तर यजमान, शाळा, दूतावास, सगळ्यांच्या डोक्याला ताप. आई-वडील दोघांच्या सहीचं 'डी' जोडपत्र लागतं. एक पालक परगावी असेल तर त्याची सोय आधीच लावा. गावाचं नाव मात्र चिंतेचं नाही. १ नोव्हेंबर २०१४ नंतर सरकारी कागदांवर बेळगावी आलं आणि जुन्यांवर बेळगाम राहिलं. हे नामांतर अधिकृत आहे, अधिकारी ते समजून घेतात.

बाकीचे कागद: शाळेचं स्टडी सर्टिफिकेट, मागच्या दोन-तीन वर्षांचे गुण आणि उत्पन्नाचा पुरावा. नोकरदारांना आयटी रिटर्न पुरतं. ऊसवाल्यांनी कारखान्याची बिलं, शेताचा आरटीसी उतारा आणि नाडकचेरीतून तहसीलदारांचा उत्पन्न दाखला जोडावा. कन्नडमधल्या प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून ठेवा. रोटरीच्या फॉर्ममध्ये डॉक्टर आणि दातांचे डॉक्टर यांची स्वतंत्र पानं असतात. ती मामा डॉक्टर असला तरी मामाकडून भरून घेऊ नका, सही करणारा घरचा नसावा लागतो.

लस: इथे महिने जातात

परदेशी शाळा लसींचा पुरावा मागतात आणि अमेरिकेत राज्यागणिक यादी बदलते. आईचं थायी कार्ड (बाळंतपणाच्या वेळी मिळालेलं माता-बाल कार्ड) शोधा. त्यातल्या नोंदी कन्नडमध्ये आणि पुसट झालेल्या असतील तर बालरोगतज्ज्ञांकडून तारखांसह इंग्रजी यादी करून घ्या.

दोन ठिकाणी आपली मुलं अडकतात. कर्नाटकात फेब्रुवारी २०१७ मध्ये शाळाशाळांतून एमआरची लस दिली गेली. ती गोवर आणि रुबेलाची. तिकडे मागतात एमएमआर, म्हणजे गालगुंडही हवा. शिवाय कांजिण्यांची लस आपल्या सरकारी यादीत नाही. या लसींचे डोस काही आठवड्यांच्या अंतराने घ्यावे लागतात, जुलैत जाग येऊन चालत नाही.

दुसरं टीबीचं. आपल्याकडे जन्मल्यावर बीसीजी देतात, त्यामुळे हातावर सुई टोचून केलेली चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि घरात रडारड होते. आजार आहे असा त्याचा अर्थ नाही. इग्रा नावाची रक्ताची चाचणी बीसीजीने फसत नाही. डॉक्टरांना तीच करायला सांगा, लागलाच तर छातीचा एक्स-रे जोडा.

पत्र: इथेच निवड होते

अर्जातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे यजमान कुटुंबाला लिहिलेलं पत्र आणि घरचे फोटो. तिकडे कुणीतरी जेवणाच्या टेबलावर चार-पाच मुलांची पत्रं पसरून ठरवणार असतं की यातलं कोण आपल्या घरी वर्षभर येणार. गुणवत्ता यादी लावण्याचा हा प्रकार नव्हे.

खानापूरकडच्या एका मुलीच्या पत्राचा पहिला खर्डा माझ्यापुढे आला तेव्हा त्यात होतं: मी कष्टाळू, प्रामाणिक आणि वक्तशीर आहे, वाचन आणि संगीत हे माझे छंद, आमचा तालुका निसर्गसौंदर्यासाठी प्रसिद्ध. असं पत्र कुणाचंही असू शकतं. तिच्या वडिलांचं किराणा दुकान. शाळा सुटल्यावर ती गल्ल्यावर बसते का, विचारलं. बसते म्हणाली. मग काय करते? उधारीची वही मराठीत लिहिते, होलसेलवाल्याशी फोनवर कन्नड बोलते, जीएसटीचं बिल इंग्रजीत तपासते, आणि पावसाळ्यात वीज गेली की हे सगळं टॉर्च तोंडात धरून. मी म्हटलं, हेच लिही. टॉर्च तोंडात धरून हेही लिही. तिने ते साध्या इंग्रजीत लिहिलं, वाक्यं छोटी, दोन ठिकाणी व्याकरण डगमगलेलं. मी ते तसंच राहू दिलं. यजमानाला चुका खुपत नाहीत, शिक्षकाने घासूनपुसून दिलेलं पत्र मात्र त्याला लगेच ओळखू येतं.

इथल्या मुलांकडे हा माल भरपूर आहे. घरात मराठी, बसमध्ये कन्नड, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्रजी. नवी भाषा कानावर पडली की घाबरायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. जर्मनी किंवा जपानला जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत निवड समिती नेमकं हेच शोधत असते. आणि आमची मुलं काय करतात, तर ते लपवून आपण बंगळुरातल्या बड्या शाळेतले आहोत असं दाखवू बघतात.

फोटोही तसेच निवडा. लग्नातले, भरजरी साड्यांतले नकोत. स्वयंपाकघर, अंगण, शेत, गणपतीची आरास, भाऊ-बहिणीबरोबरचं भांडण चालेल. आई-वडिलांचंही एक पत्र लागतं. त्यात मुलाचं कौतुक थोडं आणि त्याचा खरा स्वभाव जास्त लिहा. सकाळी उठत नाही? लिहा.

खाण्याबद्दल खरं तेच सांगा. चिकोडी-निपाणी भागातल्या जैन घरांतली मुलं कांदा-लसूणही खात नसतील तर ते स्पष्ट लिहावं. यजमान मिळायला वेळ लागेल, पण "सगळं चालतं" असं लिहून तिकडे वर्षभर ब्रेड-बटरवर राहण्यापेक्षा ते सोसेल. अंडं चालतं का, घरात मांस शिजलं तर चालेल का, कुत्र्या-मांजरांची ॲलर्जी आहे का, हे प्रश्न येणारच. घरात बसून आधी ठरवा.

मुलाखत

रोटरीत मुलाबरोबर पालकांनाही बसवतात. एएफएसमध्ये घरी येऊनही बघतात. अमेरिकेसाठी अनेक संस्था एल्टिस ही इंग्रजी ऐकण्या-वाचण्याची परीक्षा घेतात. मराठी माध्यमाच्या मुलांनी रोज अर्धा तास अमेरिकन उच्चार कानावर घालावेत, एवढं पुरतं.

"तुम्ही कर्नाटकात राहता आणि मराठी बोलता, ते कसं?" हा प्रश्न आपल्या मुलाला हमखास येतो. १९५६ ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोग, सुप्रीम कोर्टातला दावा, सगळं खरं आहे, पण तिथे भाषण ठोकू नये. सीमा बदलली, माणसं जागच्या जागी राहिली, शेजारी कन्नड बोलतात आणि आम्ही एकमेकांच्या घरी जेवतो. एवढं दोन-तीन वाक्यांत सांगता आलं तर समितीला कळतं की मूल वेगळ्या माणसांत राहू शकेल.

रोटरीत दारू, ड्रग्ज, गाडी चालवणं आणि प्रेमप्रकरण या चार गोष्टींना बंदी असते, मोडल्यास घरी पाठवतात. मुलाला मुलाखतीच्या आदल्या रात्री नाही, अर्ज भरण्याआधी हे सांगा. घरची स्कूटी चालवत हिंडणाऱ्या आपल्या पोरांना तिसरी गोष्ट सगळ्यात जड जाते.

व्हिसा

निवड झाली आणि तिकडचं घर-शाळा ठरली की अमेरिकन संस्था डीएस-२०१९ हा फॉर्म पाठवते. त्यावरून सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची), व्हिसा फी, मग ठसे आणि मुलाखत. अमेरिकेसाठी मुंबई सोयीची पडते, रात्रीच्या बसने जाता येतं. पण जर्मनीसारख्या देशांत पत्त्यावरून अधिकारक्षेत्र ठरतं, आणि कर्नाटकातला पत्ता म्हणजे बंगळूर. गोवा-कोल्हापूर हाकेच्या अंतरावर असलं तरी मुंबईच्या वाणिज्य दूतावासात तुमची फाइल घेत नाहीत. तिकीट काढण्याआधी हे बघा.

२०२५ पासून जे-१ च्या अर्जदारांना सोशल मीडिया खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगतात. मुलाने आधी स्वतःच जुन्या पोस्ट चाळाव्यात. अधिकाऱ्यासमोर उत्तरं पाठ केलेली नकोत. कुठे जातोस, कुणाकडे राहणार, परत आल्यावर काय करणार, एवढं त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता यावं. परत आल्यावर फर्स्ट पीयूसी, हे उत्तर खरं असेल तर ते आपोआप ठाम निघतं.

निघण्याआधी इथली तजवीज

दहावीची टीसी आणि मार्क्स कार्ड मूळ स्वरूपात घरी ठेवा, मुलाबरोबर फक्त प्रती द्या. ज्या पीयू कॉलेजात प्रवेश घ्यायचा आहे तिथल्या प्राचार्यांना निघण्याआधी भेटा आणि एक वर्षाचा खंड का पडणार ते लेखी देऊन पोच घ्या. निवडीचं पत्र, तिकडच्या शाळेचं हजेरी आणि गुणपत्रक परतताना मागून आणायला सांगा. अमेरिकन शाळा मेअखेर किंवा जूनमध्ये सुटतात, युरोपात जुलै उजाडतो. परतीचं तिकीट ठरवताना त्या वर्षीच्या पीयूसी प्रवेशाच्या तारखा समोर ठेवा. युरोपातून येणाऱ्या मुलाच्या बाबतीत दंडासह प्रवेशाची शेवटची तारीख कोणती ते कॉलेजला आधीच विचारा आणि घरातल्या एकाने फॉर्म भरण्याची जबाबदारी घ्या.